पाणी कुठवर आलं होतं

विद्यापीठाच्या पूर-अभ्यासासाठी मी श्रीगोंदा तालुक्यात भीमाकाठी घरोघर फिरत होते. एका घरी पन्नाशीच्या बाईंनी दार उघडलं. पाणी कुठवर आलं होतं, असं विचारत भिंतीवरची खूण मोजायला मी टेप काढली. त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या छातीवर आडवा हात धरला आणि म्हणाल्या, "हितवर. सासूबाई पाठीवर हुत्या."

अंथरुणाला खिळलेल्या सासूला त्यांनी एकटीने शाळेच्या गच्चीवर नेलं होतं. सांगता सांगता त्या पदर पुन्हा पुन्हा कमरेला घट्ट खोचत होत्या. सासूबाई आत खाटेवर पडून ऐकत होत्या.

"धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला नव्हता का?" मी विचारलं.

"आलता की, मालकांच्या मोबाईलवर. ते बाजाराला गेल्ते. घरात मी हुते, ताई. माजा नंबर कुनी इचारलाच न्हाई."

माझ्या प्रश्नावलीतही कुटुंबप्रमुखाच्याच नंबरला जागा होती. मला ओशाळल्यासारखं झालं. समासात मी त्यांचा नंबर लिहून घेतला. एकेक आकडा त्यांनी सावकाश सांगितला.

मी वही मिटायला लागले, तशी त्यांनी पानावर हात ठेवला.

"वाचून दावा एकदा. चुकला तर पानी सोडल्यालं मला कळायचं कसं?"

मी दोनदा वाचून दाखवला.