तार्नच्या घळीतले दादा

"माझ्या चाकाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ."

मान न वळवता ते हे म्हणायचे. त्यांच्या मागे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकलेलं आहे. रस्त्यात खड्डा आला की त्यांचा डावा हात पाठीमागे यायचा, दोन बोटं खाली वळायची आणि लगेच हात परत हॅंडलवर जायचा. नेकार नदीच्या काठाने, द्राक्षांच्या मळ्यांमधून आमची रविवारची रांग जायची तेव्हा आम्ही सगळे त्या दोन बोटांच्या भरवशावर असायचो.

नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात ते आणि मी एकाच विभागात होतो. गाडीच्या दरवाज्यांचं काम. ते मूळचे सांगलीचे, पण जर्मनीत इतकी वर्षं काढलेली की वाक्याची सुरुवात जर्मन "आल्झो"ने, म्हणजे आपल्या "तर मग"ने, व्हायची आणि पुढचं सगळं अस्सल सांगलीचं यायचं. जर्मन सहकारी त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. आम्ही मराठी मंडळी दादा म्हणायचो.

सायकलवाल्यांच्या खिशात ती चिकट गोड जेलची पाकिटं असतात, तुम्ही बघितली असतील. दादा म्हणायचे, "तो डिंक तुम्हीच चाटा." त्यांच्या पाठीच्या खिशात शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेली चपाती असायची. आमच्या सायकल क्लबमधला एक दांडगा जर्मन गडी त्या चटणीच्या इतका नादी लागला, की रविवारी भेटल्या भेटल्या नमस्काराच्या आधी दादांच्या खिशाकडे बघायचा.

मग एका उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "आजपासून रांगेत तू पुढे हो."

मला वाटलं, बढती मिळाली! घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा. त्याच सुमारास त्यांनी संध्याकाळच्या फेऱ्या बंद केल्या. कॅंटीनमध्ये एकदा त्यांच्या कोपराने माझा भरलेला ग्लास लवंडला, एकदा ते उघड्या कपाटावर आपटले. "म्हातारा झालो रे," म्हणून हसले. आम्हीही हसलो.

फ्रान्समधल्या तार्न नदीच्या खोऱ्याचं वेड त्यांना जुनं होतं. सायकल नवीन घेतली तेव्हा ते तिथे एकदा जाऊन आले होते. कॅंटीनच्या टेबलावर मीठ आणि मिरीच्या बाटल्या ठेवून ते तो रस्ता आम्हाला समजावायचे. हा इकडचा कडा, हा तिकडचा, मधून नदी आणि नदीला चिकटून रस्ता. "डोळे भरून बघावं असं आहे," म्हणायचे. पुढच्या मे महिन्यात त्यांनी एकदम ठरवलं. "आल्झो, याच वर्षी जायचं. पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय?"

वहिनी, ते आणि मी असे तिघं निघालो. सायकली गाडीच्या टपावर होत्या. वहिनींना सायकलचं काडीचं प्रेम नव्हतं. त्या गाडी घेऊन पुढच्या गावात जाऊन थांबायच्या आणि आम्ही पोचेपर्यंत बाजार फिरायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेंत-एनिमी गावातून निघालो. ला मालेन नावाच्या गावात नदीवरच्या पुलापाशी वहिनी जेवण घेऊन थांबणार होत्या. ऊन लख्ख होतं. खाली हिरवंगार पाणी, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे, त्यांच्यावर गिधाडं घिरट्या घालत होती. दादा माझ्या मागे होते आणि लहान मुलासारखे एकसारखे विचारत होते, "गिधाडं दिसली का? कुठे? कड्याच्या कुठल्या टोकाला?" मी बोट दाखवायचो. ते बराच वेळ शोधायचे, मग म्हणायचे, "हां, हां."

त्या रस्त्यावर कडा पोखरून काढलेले बोगदे आहेत. पहिले दोन अगदी छोटे होते, या तोंडातून ते तोंड दिसणारे. तिसऱ्याला मध्ये वळण होतं. आत शिरल्यावर गारवा आला, माझ्या दिव्याचा एक ठिपका समोर डांबरावर पडला, बाकी काळोख. वळण घेतलं, पलीकडचा उजेड दिसला, मी बाहेर पडलो आणि मागे न बघता म्हणालो, "दादा, हा मस्त होता!"

उत्तर आलं नाही. मागे वळलो. बोगद्याचं तोंड रिकामं होतं.

मी थांबलो. पंक्चर झालं असेल. हाक मारली, ती आत घुमली आणि विरली. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एक मोठी कॅंपर, आत राहायची सोय असलेली गाडी, आली. मी दोन्ही हात हलवले, ओरडलो. चालवणाऱ्या बाईंना वाटलं मी अभिवादन करतोय. त्यांनीही हसून हात हलवला आणि गाडी बोगद्यात शिरली.

मी सायकल टाकली आणि पळत सुटलो. त्या कडक तळव्यांच्या सायकलच्या बुटांनी पळताही येत नाही, पाय घसरतात. आतून ब्रेकचा कर्कश आवाज आला. मग काहीच नाही. ती शांतता मला अजून आठवते. मग हॉर्न वाजला, लांबलचक, आणि हॉर्न ऐकून मला बरं वाटलं, कारण माणूस मेला असता तर कोणी असा हॉर्न वाजवला नसता.

वळणापलीकडे गाडी उभी होती. तिच्या दिव्यांच्या झोतात, रस्त्याच्या बरोबर मधोमध दादा उभे होते. सायकल मागे आडवी पडलेली. दोन्ही हात पुढे पसरलेले, बोटं ताणलेली, भिंत शोधत असल्यासारखी. त्यांच्या हातांमध्ये आणि गाडीच्या काचेमध्ये फारसं अंतर उरलं नव्हतं. बाई तावातावाने खाली उतरल्या, फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडल्या, आणि दादांचे ते हात बघून एकदम गप्प झाल्या. पुढे होऊन त्यांनीच दादांचं कोपर धरलं आणि त्यांना भिंतीकडे घेतलं.

"दादा, मी आहे," मी म्हणालो.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

आम्ही त्यांना, माझी सायकल पडली होती त्या बाजूला, बाहेर आणलं. बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, माझ्याबरोबर मागे गावात चला. दादांनी नकारार्थी मान हलवली. बायको पुढे वाट बघतेय, म्हणाले. बाई गेल्यावर ते कठड्यावर बसले.

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे," ते म्हणाले. "अंधारात काहीच दिसत नाही. उजेडात समोरचं दिसतं, बाजूचं नाही. पाइपातून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, पाइप लहान होत जाणार." पुढे म्हणाले, "मला वाटलं, सगळे बोगदे छोटेच आहेत. तसंच आठवत होतं मला. उजेडाच्या गोलावर नेम धरून जाईन म्हटलं. तो गोल आलाच नाही."

"वहिनींना माहीत आहे?"

"मोतीबिंदू आहे असं सांगितलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बोलू नकोस तिला."

"नाही बोलत. तुम्ही बोला. आजच."

फोनला नेटवर्क नव्हतं आणि घळीत दुसरा रस्ताही नव्हता. थोड्या वेळाने ते उठले. "जा, चल," म्हणाले. ते जर्मन "जा" होतं, होकाराचं, पण मला ते मराठी वाटून क्षणभर धस्स झालं.

मोकळ्या रस्त्यावर मी त्यांच्या शेजारून, किंचित मागून चालवत राहिलो आणि बोलत राहिलो. डावीकडे वळण. खडी आहे. मागून गाडी येतेय, कडेला घ्या. माझ्या आयुष्यात मी सायकल इतक्या हळू कधी चालवली नाही आणि इतका घामही कधी आला नाही. पुढचा बोगदा आम्ही चालत पार केला. दोन्ही सायकली माझ्या एका बाजूला, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. त्यांची बोटं इतकी घट्ट होती, की दुसऱ्या दिवशी खांद्यावर वळ होते.

पुलापाशी वहिनी टोमॅटो चिरत बसल्या होत्या. आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा फार उशिरा पोचलो होतो. त्या रागावणार एवढ्यात दादांनी सायकल टेकवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, एका दमात.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "परवा इथे येताना निम्मा ऑटोबान तुम्ही गाडी चालवलीत."

"दिवस होता. समोरचं दिसतं मला."

"मी शेजारी झोपले होते." त्यांचा आवाज चढला नाही. "बाजूचं दिसत नाही म्हणताय आणि मी बाजूलाच झोपले होते. हा पोरगा मागे बसला होता. अहो, तुम्ही काय केलंत हे?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"आजच कळलं, वहिनी."

त्यांनी दादांच्या बॅगेतून गाडीच्या दुसऱ्या किल्ल्या काढल्या, आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि दगडी पायऱ्या उतरून नदीकडे गेल्या. दादा त्यांच्या मागे जायला निघाले. पायऱ्या वेड्यावाकड्या होत्या, मी त्यांना अडवलं. आम्ही दोघं वर उभे, वहिनी खाली पाण्याकडे तोंड करून. त्या रडत होत्या की नाही, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. वर येताना त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. दादांना त्या दिसल्याच नव्हत्या, ते दुसरीकडे बघत होते. वहिनींनी ते नीट बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी इकडे आहे. हात द्या. जेवून घ्या आधी."

घरी परतल्यावर डॉक्टरांकडे जाऊन झालं, लायसन्स परत करून झालं, कारखान्यात हलकं काम मिळालं. पण माणूस आक्रसत गेला. रविवारी आम्ही त्यांच्या घरावरून जायचो तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला असायचा. तो चटणीवाला जर्मन न चुकता सायकलची घंटी वाजवायचा, आणि खिडकी उघडायची नाही.

मग एकदा वहिनींचा फोन आला. "अरे, ती दोन माणसांची सायकल असते ना, ती कुठे मिळते?"

"चालवणार कोण, वहिनी?"

"कोण म्हणजे? मी. मिरजेला कॉलेजात सायकलनेच जायचे."

रविवारी इथे दुकानं बंद असतात, त्यामुळे सुपरमार्केटचं पार्किंग मोकळं असतं. तिथे त्या दोन माणसांच्या सायकलवर त्यांची शिकवणी चालली. दोघं पडले, भांडले, पुन्हा बसले. दादा मागून गिअर सांगायचे, वहिनी म्हणायच्या, "पुढे कोण बसलंय?" उन्हाळा संपेपर्यंत ते नेकारच्या काठाने आमच्या रांगेत आले होते.

आता ते इथे नाहीत. त्यांची मुलगी आखन शहरात असते, तिच्या जवळ राहायला गेले. ख्यालीखुशाली वहिनींच्या फोनवरून कळते.

जाण्याआधीच्या रविवारी मी त्यांच्या मागे होतो. मागच्या सीटचं हॅंडल नुसतं धरायला असतं. ते वळत नाही, त्याला ब्रेकही नसतो. पण प्रत्येक वळणाला दादांची बोटं आपोआप मिटायची, नसलेला ब्रेक दाबायची, मोकळी व्हायची. मळ्यांमधला मोठा उतार आला. सायकलने वेग घेतला. वहिनी पुढून मोठ्याने सांगत होत्या, "डावीकडे ट्रॅक्टर. त्यावर लाल टोपीवाला म्हातारा. हात दाखवतोय बघा आपल्याला." वळण जवळ आलं, मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. ती मिटली नाहीत. दादांनी एक हात हॅंडलवरून उचलला आणि न दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्याला हलवून दाखवला.