भानुदासच्या तरवडाला पाणी

एकाहत्तरची लढाई संपवून आमची टँक रेजिमेंट राजस्थानच्या वाळूतून नगरच्या छावणीत परतली. मी दफेदार होतो. माझ्या टँकचा ड्रायव्हर भानुदास, पाथर्डीकडचा, परतला नव्हता. गोळा लागल्यावर मी इंटरकॉमवर विचारलं, "ड्रायव्हर, रिपोर्ट." पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही.

क्वार्टर गार्डच्या पहाराचौकीसमोर शहिदांची बाग करायचं ठरलं. भानुदासची आई तरवडाच्या शेंगा पदरात बांधून आली.

"नवरात्रात घटाच्या माळंला फुलं त्योच आनायचा. हितं लावा. दसऱ्यानंतर मी कोपरगावकडं ऊस तोडायला जानार. त्याआधी माळंपुरती न्हेईन."

बाग रिसालदार साहेबांच्या ताब्यात. त्यांना गुलाब हवे होते.

"तरवड? शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला."

"म्हणूनच टिकेल, साहेब. भिंतीकडचा कोपरा द्या. तुमच्या गुलाबांचे खड्डे मी खणतो."

सौदा ठरला. कोपऱ्यात चार रोपं उगवली.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. त्यात इन्स्पेक्शन जवळ आलं. ऑर्डर निघाली, बागेत सुकलेलं पान दिसता कामा नये. प्रत्येक झाडाला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी. तरवड माळरानाचं झाड, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. पण बागकामाला लावलेल्या जवानांची फटीग पार्टी ऑर्डरप्रमाणे ओतत राहिली. मी फायरिंग रेंजवरून परतलो तेव्हा आळ्यांत चिखल होता. तीन झाडांची मुळं कुजली होती.

"पाणी बंद करा!"

"दफेदार, आवाज खाली."

"मरतंय ते, साहेब!"

"ऑर्डर आहे."

"मग माझी रजा कापा, पण उरलेलं झाड ऑर्डरमधून काढा."

रजा गेली. ओरडल्याबद्दल बढतीही गेली. रजा मी दिली होती; बढती सौद्यात नव्हती. तो राग अजून आहे.

चिखल उपसून मी मुरूम भरला. नवरात्रात ते एकच झाड पिवळंधमक फुललं. भानुदासची आई आली.

"बाकीची?"

"पाण्यानं गेली."

"लई लाड केले म्हना."

तिनं फुलं खुडली. रिसालदार साहेबांनी व्हरांड्यातून पाहिलं आणि आत गेले. तिथंच बसून तिनं माळ ओवली. तोकडी झाली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यो आनायचा तवा बी तोकडीच व्हायची. निम्मी फुलं वाटंतच सांडायचा."

"टँकमध्ये त्यानं डिझेलचा थेंब कधी सांडला नाही," मी म्हणालो.

"व्हय?" ती म्हणाली, आणि पुन्हा विचारलं, "खरंच व्हय?"