जाकीटमास्तर

तलावावर पॅडलबोर्ड चालवणाऱ्या शेठने आमच्या जाकीटमास्तरांना फसवलं. हे आधी सांगतो, कारण मास्तरांनी स्वतः ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

निजामपुऱ्यातल्या शाळेत ते आम्हाला पीटी शिकवत. निवृत्तीनंतर वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या त्या तलावावर लागले. उभं राहून वल्हवायच्या त्या फळीवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला त्यांच्यापुढे उभं राहावं लागे. बक्कल लावून झाले की ते लाइफ जाकिटाच्या पट्ट्या धरून माणसाला वर ओढत. जाकीट कानापर्यंत सरकलं, तर पुन्हा पहिल्यापासून. जीन्सवाल्याला परत पाठवत. "जीन्स पाणी पिते नि माणसाला सोडत नाही." घोट्याला फळीची दोरी बांधायला मात्र स्वतः खाली बसत, समोर पोरगं असो की नगरसेवक.

पाड्यावरचा एक जण म्हणाला, "मास्तर, आमी न्हानपनापासून पवतो. आमाला न्हाय लागत जाकीट."

"पोहतोस तू. डोक्याला फळी लागल्यावर कोण पोहणार?"

मी धामणकर नाक्याच्या फुटपाथवर बनियन विकत वर आलो. जाकिटं घ्यायला मास्तर मला घेऊन गेले, तेव्हा मी भाव निम्म्यावर आणला. मास्तरांनी एक जाकीट वीट बांधून दुकानातल्याच पिंपात टाकलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत जाकीट तळाला. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, लोग तो फोटो के लिए ही पहनते हैं." मास्तर माझ्याकडे वळले. "निम्म्या भावात निम्मा माणूस वाचतो का रे?"

दुकानदार खरं बोलला होता. गिऱ्हाइकं फोटोसाठीच येत, आणि मास्तरांच्या घट्ट जाकिटाखाली नवे कपडे झाकले जात. तक्रारी वाढल्या आणि शेठने मास्तरांना घरी बसवलं. दारावरच्या पाटीवर 'सुरक्षा प्रमुख' म्हणून त्यांचं नाव मात्र राहू दिलं, कारण त्या नावावर लोक पोरं पाण्यात सोडत. गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतला एक तरुण बक्कल उघडे ठेवून फळीवर गेला. जाकीट एकटंच काठाला आलं. शेठने पोलिसांना पाटी दाखवली.

चौकशीत हजेरीवहीमुळे मास्तर सुटले, गल्लीत सुटले नाहीत. त्या मुलाची आई मास्तरांच्या दारात येऊन म्हणाली, "तुमचं नाव वाचून सोडला हो त्याला." त्यांनी तिला हात जोडले. तिला खरं का सांगितलं नाही म्हणून मी चिडलो, तर म्हणाले, "मी तिथे नव्हतो, हे सांगून तिचं काय परत येणार आहे?"

पावसाळ्याआधी ते गेले. खांदा द्यायला चार माणसं मिळवताना मला दारोदार फिरावं लागलं.

परवा शेठला गाठलं. म्हणाला, "माणूस गेला आता, सोड ना." सोडत नाही. शेठ, तुम्ही येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तरी विचारतो. त्या बाईच्या दारात उभं राहून, मास्तरांना तुम्ही आधीच काढलं होतं, हे तिला सांगायला कधी येता?