तांदळाच्या कोठीतली हार्डडिस्क

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चांगला चालणारा विंडोज काढून लिनक्स मीच टाकला आहे, आणि माझ्याविरुद्धचा हा एकमेव पुरावा नाही.

आम्ही नागभीडकडचे. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री नाटक होतंच. अशाच एका नाटकात बाबांनी राजाचं काम केलं होतं. "एक वाक्य नाई चुकलो!" हे आम्ही शेकोटीजवळ, लग्नात आणि एकदा तर मयतीलाही ऐकलं आहे! त्या नाटकाचं शूटिंग माझ्या हार्डडिस्कवर होतं. ते कोणी कधी उघडून पाहिलं नव्हतं. मागच्या रविवारी ते दाखवायला बाबांनी अर्धे सोयरे घरी जमवले.

पाहुण्यांना ओसरीवर बसवून, आधी चालते का पाहायला मी आतल्या खोलीत हार्डडिस्क लावली. पडद्यावर उमटलं, 'इनपुट/आउटपुट एरर'.

"काय म्हनते ते?" बाबांनी विचारलं.

"वाचता नाई येऊन राह्यलं म्हनते."

"त्याले काऊन वाचाचं हाय? आमाले पाहाचं हाय!"

मी आज्ञा टाइप केली. डिस्क दिसली. उघडायला गेलो तर गायब! (आमची लाइटसुद्धा जाण्याआधी दोनदा मिचमिचते.) दुरुस्तीची आज्ञा दिली, तर उत्तर आलं की अशी डिस्कच नाही. अरे, हातात तर आहे! इंटरनेटवर एकजण म्हणत होता, असं करा. खाली दुसरा म्हणत होता, चुकूनही करू नका! मी दोघांचंही ऐकलं.

"भाऊजी, म्हनून सांगत होतो, विंडोज टाका!" बाहेरून माझा साळा विलास ओरडला.

बाबा पाहुण्यांना थोपवायला राजाचे संवाद म्हणत होते. तेही संपले.

वैतागून मी डिस्क कानाशी धरून हलवली. कीबोर्डवर तांदळाचा दाणा पडला.

मग आठवलं. पावसाळ्यात तिला ओल लागली म्हणून मीच ती तांदळाच्या कोठीत पुरून ठेवली होती. (मोबाइल भिजला की ठेवतातच ना!) वायरच्या खाचेत कोंडा गच्च बसला होता. दातकोरणीनं काढला, फुंकर मारली, आणि डिस्क चालू! मी हर्षानं बाबांना आत बोलावलं.

पडद्यावर राजा आला. तलवार उपसली. थांबला.

"प्रधानजी!" विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला.

"प्रधानजी!" राजा म्हणाला.

"आमचा घोडा आणा!" पुन्हा प्रॉम्प्टर.

"आमचा... काय आणा?" राजानं विंगेत वाकून विचारलं, आणि अख्खी मंडई हसली.

बाबांनी हळूच दार लावलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला फार वाईट वाटलं.

"बाबू, हे बिघडलंच हाय ना?"

"हो बाबा. पार गेली."

बाहेर येऊन मी तसंच जाहीर केलं. सगळ्यांदेखत कपाळावर हात मारून बाबा म्हणाले, "याले कॉम्प्युटरातलं काईच समजत नाई!"

जन्मात एक वस्तू माझ्या हातून दुरुस्त झाली, आणि ती बिघडलेलीच आहे असं मी आजही सोयऱ्यांना शपथेवर सांगतो.