अकरावी रेघ

"ही अकरावी रेघ कोणाची?" वाचनालयाच्या चिटणिसांनी पाटी माझ्यासमोर धरली.

"माझी."

ते हसले. मोठ्या दालनातल्या पुरुषांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलंत? बाईसाहेबही वाचक आहेत!"

तिकडून कुणी ओरडलं, "अब झाडू भी बी.ए. करेगी!"

हशा झाला. मग मी बसले होते ती खुर्ची त्यांनी माझ्याकडूनच पुसून घेतली. खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलींच्या देखत. आणि मी पुसली. ते अजून जाळतं.

लष्कर पेठेतल्या या वाचनालयात मी झाडते, पाणी भरते. नवरा गेल्यापासून दाना ओलीतून, आमच्या गल्लीतून, रोज चालत येते. आमचे आजे फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आले, चिटणिसांचे दरबारात कागद लिहायला. राज्य गेलं. आमचं वाकणं आणि त्यांचं बसणं तसंच राहिलं.

नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. तिथून पत्र आलं, कोणत्या खोलीत किती जण बसतात ते कळवा. दर तासाला फिरून, बसलेल्या प्रत्येकाची पाटीवर एक रेघ मारायची. काम मला दिलं. "हिच्याकडे कुणी बघत नाही," चिटणीस म्हणाले. मी लाजरी. मला ते कौतुक वाटलं.

बायकांची एक छोटी खोली होती. दुपारी तिथे दहा मुली परीक्षेचा अभ्यास करायच्या. घरी त्यांना बसायला कोपरा नव्हता. त्यातली एक, मुरार गावाहून येणारी मुलगी, मला म्हणायची, "मावशी, तुम भी बैठो ना. खड़े-खड़े क्या पढ़ती हो?" त्या दिवशी बसले. तासाचा ठोका पडला तेव्हा खोलीत अकरा जणी बसलेल्या होत्या. अकरा रेघा मारल्या. खरं तेच.

चिटणिसांना ती खोली दप्तरासाठी हवी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपाळला पाठवायचा कागद पुढे केला. बायकांच्या खोलीपुढे शून्य.

"तू स्वतःलाच मोजलंस, म्हणजे मोजणीच खोटी. लाव अंगठा."

अंगठा! मी चौथी शिकलेली आहे. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मी टाक उचलला. शून्य खोडलं. अकरा लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव. अक्षर वेडंवाकडं आलं.

"काय केलंस हे?"

"मोजलं."

त्यांनी कागद फाडला. नवा लिहून शिपायाचा अंगठा घेतला. मला ठेवलं, कारण पाणी भरायला दुसरं कुणी मिळेना. आठ दिवसांत खोलीत गठ्ठे आले, दाराला कुलूप. मुली येईनाशा झाल्या.

आज मुरारची मुलगी आली. कुलूप बघून म्हणाली, "अब कहाँ बैठूँ, मावशी?"

मी तिला मोठ्या दालनात नेलं. तिथे बायका बसत नाहीत. पण तसा नियम नाही. भिंतीवरचे सगळे नियम मी वाचलेत. तिला खिडकीपाशी बसवलं, शेजारी मी बसले. पुरुषांच्या हातातले पेपर खाली आले. कुणी हसलं नाही.

चिटणीस दारात आले. "ऊठ."

मी उठले नाही. मुलीनं पान उलटलं.

उद्या मला कामावरून काढतील. काढू देत. झाडू त्यांचा आहे, तो ठेवून घेतील. मी तरी येणार. तिथेच बसणार. मला उठवायचं असेल तर हात धरून ओढावं लागेल. आपणहून मी उठणार नाही.