केकवरचं ‘नेश’

“नेश आहे ती,” क्लास टीचर दुसऱ्या टीचरला इंग्रजीत म्हणाली आणि त्या चार वर्षांच्या मुलीचा स्वेटर काढून तिने आपल्या कपाटात ठेवला. “सवय होऊ दे. बाहेर भट्टी पेटलीय आणि हिला स्वेटर हवा.”

अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्या नर्सरीत मी असिस्टंट होते. एसीचा रिमोट टीचरकडेच असायचा. मी इंग्रजी माध्यमात शिकले, तरी हा शब्द कधी ऐकला नव्हता. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून दुपारी फोनवर शोधला. टीचरच्या गावाकडचा, मध्य इंग्लंडच्या बोलीतला शब्द. फार जुना. मुळात अर्थ नुसता मऊ, कोवळा. मग नाजूक. मग ज्याला थंडी सोसत नाही तो. आता उरलाय तो टोमणा.

मुलांनी तो लगेच उचलला. रांगेत ढकलताना नेश, डबा लपवताना नेश. ती मात्र लाजून हसायची. टीचरने आपल्याला खास नाव दिलंय, असं तिला वाटत होतं. मी तिचे गार हात चोळायचे आणि टीचर आमच्याकडे वळली की सोडून द्यायचे.

वाढदिवसाला तिची आई केक घेऊन आली. रत्नागिरीकडची. मला मराठी येतं हे कळल्यापासून ती माझ्याशीच बोलायची. तिने खोक्याचं झाकण उघडलं. गुलाबी क्रीमवर इंग्रजीत लिहिलं होतं, हॅपी बर्थडे नेश.

“आता घरात पण सगळ्यांनी नेशच बोलायचं, असा हट्ट हाय हिचा,” ती कौतुकाने म्हणाली. “मिस, स्पेलिंग बरोबर हाय ना?”

दोन्ही टीचरनी एकमेकींकडे बघून ओठ दाबले. “सांग तिला, लाडाचा शब्द आहे,” क्लास टीचर मला इंग्रजीत म्हणाली. “यल्ला, चल, मेणबत्त्या लाव.”

मी लावल्या. मुलं गाऊ लागली. मुलीने फुंकर मारलीच नाही. दोन्ही तळवे ज्योतींजवळ धरून ती उभी राहिली.

“बघा, नेश शेकतेय,” टीचर म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. काय झालं ते न कळता आईही हसली.

“स्पेलिंग बरोबर आहे, भाभी,” मी म्हणाले. “अर्थ आहे थंडीला भिणारी, शेळपट. हिचा स्वेटर टीचरच्या कपाटात आहे.”