करडईच्या तेलातली शिंगं

आज सुनेनं करडईचं तेल तापवलं आणि त्या वासासरशी मी मंगळवेढ्याच्या जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन पोचलो. ज्वारीच्या रानात मला मेलेलं काळवीट सापडलं होतं. त्याची पिळदार शिंगं घरी आणून, तडकू नयेत म्हणून मी त्यांना करडईचं तेल चोळलं होतं. माझा मेंढपाळ दोस्त बिरू ती हातात घेऊन बघत होता, तेवढ्यात वनरक्षक आला.

"शिंगं कुणाची?"

"मेलेलंच घावलं की सायेब, मारलं न्हाय," बिरू म्हणाला.

"मेलेलं असलं तरी सरकारचं. घरी ठेवणं गुन्हा हाय. कुणाला घावलं?"

बिरूनं माझ्याकडं पाहिलं. मी हात धोतराला पुसले आणि म्हणालो, "त्यालाच."

बिरूनं शिंगं सायबापुढं ठेवली. मग म्हणाला, "व्हय सायेब, मलाच. " आणि माझ्याकडं वळून, "आण्णा, मेंढरं तेवढी कोंडून घे."

कोर्टाच्या तारखांपायी ती मेंढरं विकली गेली. बिरूही गेला. शिंगं माझी होती, हे आज लिहितोय, पण ऐकायला तो नाही.

"मामा, जेवत का न्हाय?" सून विचारते. ताटापाशी बसलो, तरी घास उचलवत नाही. हातांना तोच वास येतोय.